जिताड्याच्या पिल्लांचं खाद्य: आर्टेमिया, आयात मायक्रो-फीड, देशी दाणा आणि जवळा यांची पारख

रायगडात पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात जिताडा पाळणं नवं नाही. पावसाळ्यात खाडीतून आत आलेली पिल्लं गोळा करून भातशेतालगतच्या तळ्यात सोडायची आणि ती तिथल्या बारीक मासळीवर वाढू द्यायची, ही रीत जुनीच. आता बीज, म्हणजे लहान पिल्लं, हॅचरीतून (अंडी उबवून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातून) मागवता येतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनं (सीबा) 1997 साली जिताड्याचं बंदिस्त जागेत प्रजनन यशस्वी केलं, पुढे तमिळनाडूत राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राची हॅचरी उभी राहिली, आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांत जिताड्याचे पिंजरेही लागले. बीजाची सोय झाली, तरी दीड सेंटीमीटरचं पिल्लू आठ सेंटीमीटरची बोटुकली होईपर्यंतचा दीड-दोन महिन्यांचा टप्पा अजून सर्वांत जास्त मरतुकीचा आहे, आणि त्या मरतुकीचं मोठं कारण खाद्य हेच आहे. बाजारात आज जे जे मिळतं त्याची ही पारख फक्त याच टप्प्यासाठी आहे. मोठ्या माशाच्या खाद्याचे निकष वेगळे असतात.

आधी पैशाचं बोलू, कारण खरेदी तिथेच अडते. आयात केलेल्या बारीक दाण्याचा किलोचा भाव ऐकला की माणूस मागे सरतो आणि कोळंबीच्या खाद्याचा चुरा करून टाकतो. हिशोब असा करून पाहा. 5000 पिल्लं आहेत, वजन सुमारे 0.05 ग्रॅम. ती अर्ध्या ग्रॅमची होईपर्यंत एकूण वाढ सव्वादोन किलोच्या आसपास. खाद्याची थोडी नासाडी धरूनही या पहिल्या टप्प्याला लागतं तीन किलो खाद्य. स्वस्त आणि महाग दाण्यात किलोमागे 2000 रुपयांचा फरक धरला तरी जास्तीचा खर्च होतो 6000, म्हणजे पिल्लामागे सव्वा रुपया. बोटुकलीचा दर याच्या कित्येक पट असतो. पाच हजारांत शे-दोनशे पिल्लं जास्त वाचली तरी पैसे वसूल. त्यामुळे या वयात किलोचा भाव बघून खाद्य निवडणं आम्हाला साफ चुकीचं वाटतं. भाव बघावा तो पिल्लू दोन-तीन ग्रॅमचं झाल्यावर, जेव्हा खाद्य किलोंऐवजी पोत्यांनी लागायला सुरुवात होते.

पिल्लू खातं कसं

खाद्य निवडण्याआधी टाकीपाशी दहा मिनिटं उभं राहून बघावं. जिताड्याचं पिल्लू दाण्यामागे धावत नाही. ते डोकं किंचित खाली करून एका जागी तरंगत राहतं, समोरून घसरणारा दाणा डोळ्यांनी टिपतं, शरीर इंग्रजी एस अक्षरासारखं वळवतं आणि झटक्यात गिळतं. दाणा तोंडात गेल्यावर कडक किंवा मोठा वाटला तर लगेच थुंकतं. दोन-तीनदा थुंकलेल्या दाण्याकडे ते पुन्हा वळत नाही, आणि तळाला बसलेला दाणा तर जवळजवळ कधीच उचलत नाही. खाद्याकडून काय हवं ते यातूनच कळतं: दाणा पाण्यात हळूहळू उतरणारा हवा, तोंडात मऊ लागणारा हवा, आणि एका पाकिटातला प्रत्येक दाणा जवळपास एकाच मापाचा हवा.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची का, तर जिताडा भावंडं खातो. दीड-दोन सेंटीमीटरच्या वयात तो स्वतःच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापर्यंतचं पिल्लू गिळू शकतो. पाकिटात बारीक भुगा आणि जाड दाणे एकत्र असले की मोठी पिल्लं जाड दाणे खाऊन आणखी मोठी होतात, लहानांच्या वाट्याला पाण्यात विरघळणारा भुगा येतो, आणि चार दिवसांत टाकीत शिकारी आणि शिकार तयार. टाकीत मेलेली पिल्लं दिसत नाहीत, पण मोजणीत आकडा घटत जातो, तेव्हा समजावं की ती गिळली जाताहेत.

पोषणाचे आकडे थोडक्यात. या वयात प्रथिनं 45 ते 55 टक्के, चरबी 10 ते 15 टक्के, आणि त्या चरबीत माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं असणं अत्यावश्यक. पिष्ट पदार्थ जिताड्याला फारसे पचत नाहीत, 20 टक्क्यांवर गेले की यकृत फिकट आणि चरबट होतं. क जीवनसत्त्व टिकाऊ रूपात हवं. ते कमी पडलं की पाठ वाकडी होते, कल्ल्यांतून रक्त येतं. लेबलवर नुसतं ‘व्हिटॅमिन सी’ लिहिलेलं असेल आणि पाकीट सहा महिन्यांचं जुनं असेल तर ते संपलेलंच धरावं. फॉस्फेटशी जोडलेलं रूप टिकतं, लेबलवर तसा उल्लेख शोधावा.

आर्टेमिया

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक जीव, त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात आणि ती उबवून जिवंत खाद्य म्हणून देतात. पिल्लू दीड सेंटीमीटरचं येतं तेव्हा त्याला आर्टेमियाची गरज असते का? हॅचरीनं दाण्यावर नीट आणलेलं बीज असेल तर नसते. पण अर्धवट सवय झालेलं बीज सर्रास विकलं जातं. त्यामुळे बीज मागवतानाच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: कोणत्या खाद्यावर आहेत, दाणा किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आर्टेमिया बंद करून किती दिवस झाले. उत्तर गोलमोल आलं तर आर्टेमियाचा एक डबा आणून ठेवलेला बरा.

अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची अंडी अजूनही भरवशाची. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅममधून दोन ते अडीच लाख पिल्लं निघतात. 5000 जिताड्यांना रोज प्रत्येकी हजारभर आर्टेमिया द्यायचे म्हटले तर 50 लाख, म्हणजे 20 ते 25 ग्रॅम अंडी. सवय लावण्याच्या पाच दिवसांना 125 ग्रॅम पुरतात, 454 ग्रॅमच्या डब्याचा पाव भाग फक्त. उरलेला डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये. उघडा राहिलेला डबा कोकणातल्या जूनच्या हवेत दमट होतो आणि पुढच्या खेपेला निम्मी अंडीसुद्धा उबत नाहीत.

उबवायला तळाशी निमुळता असलेला डबा, लिटरला 2 ग्रॅम अंडी, 25 ते 30 पीपीटी (लिटरला साधारण तितके ग्रॅम मीठ) खारं पाणी, 28 ते 30 अंश तापमान, तळापासून जोरात हवा आणि सतत उजेड. 18 ते 24 तासांत काम होतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालेलं असतं, तेव्हा जाडं मीठ घालून खारेपणा जुळवावा. काढताना हवा बंद करून वरती काळं कापड टाकावं आणि खालच्या टोकाशी दिवा धरावा. पाच-दहा मिनिटांत टरफलं वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाच्या टोकात बसतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे खाली येतात. सुरुवातीचं थोडं पाणी फेकून मधला भाग 100-125 मायक्रॉनच्या जाळीत घ्यावा आणि स्वच्छ पाण्यानं धुवावा. ही पायरी घाईत उरकली की टरफलं पिल्लांच्या पोटात जातात. ती पचत नाहीत, आतडं तुंबतं, पिल्लू पोट फुगून वरच्या थराला लटकतं.

आर्टेमियाची खरी उणीव डीएचएची आहे. निसर्गतः त्यात ते जवळजवळ नसतंच. उबल्यावर सात-आठ तासांनी आर्टेमिया कात टाकून खाऊ लागतो, त्यानंतर त्याला तेलाच्या इमल्शनमध्ये (पाण्यात एकजीव केलेल्या तेलात) बारा तास ठेवून ‘भरावं’ लागतं. इमल्शनची मात्रा लेबलप्रमाणे घ्यावी, जास्त घातली तर पाणी चिकट होऊन आर्टेमिया एकमेकांना चिकटून मरतात. भरलेला आर्टेमिया लगेच वापरावा, कारण तो पोटातलं डीएचए स्वतःच मोडून टाकतो. तासन्‌तास ठेवायचाच असेल तर 5 ते 10 अंशांत.

आमचं मत: अव्वल दर्जाचं खाद्य, पण नर्सरीत (पिल्लांची बोटुकली होईपर्यंत वाढवायच्या जागी) फक्त पाच-सात दिवसांच्या पुलासारखं वापरावं. त्यापुढे आर्टेमियावर रेंगाळलेली पिल्लं दाणा ओळखायला शिकत नाहीत आणि डबे मात्र संपत राहतात.

आयात केलेला बारीक दाणा

भारतातल्या सागरी हॅचऱ्यांत दोन नावं जास्त ऐकू येतात: आयएनव्हीई कंपनीचं एनआरडी आणि जपानचं ओटोहिमे. दोन्ही याच वयासाठी बनवलेली आहेत, कोळंबीचं खाद्य दळून केलेली नाहीत.

एनआरडीच्या नावापुढचे आकडेच त्याचं माप सांगतात. 3/5 म्हणजे 300 ते 500 मायक्रॉन, 5/8 म्हणजे 500 ते 800, 8/12 म्हणजे 800 ते 1200. प्रथिनं 55 टक्के, चरबी 9 टक्के. दीड सेंटीमीटरच्या पिल्लांना 5/8 पासून सुरू करता येतं. बीज एकसारखं नसेल तर पहिले तीन दिवस 3/5 मिसळावं. दाणा पृष्ठभागावर पसरतो आणि मग विखरत खाली येतो. मापाची सचोटी हा याचा सर्वांत मोठा गुण. चाळून बघितलं तर भुगा नगण्य निघतो. चरबी 9 टक्केच असल्यानं पिल्लू ग्रॅमभराचं झाल्यावर जास्त चरबीच्या दाण्यावर गेलेलं चांगलं.

ओटोहिमेत माशाच्या कुटाबरोबर क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) आणि स्क्विडचा कूट असतो, त्यामुळे वास तीव्र आणि दाणा मऊ. आर्टेमियावरून दाण्यावर आणताना अडून बसलेली पिल्लं यावर लवकर तोंड उघडतात, हा त्याचा खास उपयोग. मापं अक्षरांत असतात: बी-1 साधारण 200 ते 360 मायक्रॉन, बी-2 त्यापुढे सहाशेच्या आसपास, सी-1 सुमारे 580 ते 840, सी-2 त्याहून जाड. प्रथिनं 50 टक्क्यांच्या थोडी वर. जिताड्याच्या नर्सरीत बी-2 आणि सी-1 यांचंच काम जास्त पडतं. मऊपणाचा तोटा असा की दमट हवेत हा दाणा लवकर गोळा होतो. पट्टा-फीडरवर (सरकत्या पट्ट्यावरून थोडाथोडा दाणा टाकणाऱ्या यंत्रावर) तासभर राहिला तरी कडा चिकटायला लागतात.

दोन्हींतून निवडायचं तर: आधीच दाण्यावर असलेल्या बीजाला एनआरडी, अडलेल्या बीजाला पहिला आठवडा ओटोहिमे. आणि सगळ्यांत आधीचा नियम, हॅचरीत जे चालू होतं तेच पहिले सात दिवस. प्रवासाच्या ताणात नवा वास आणि नवा दाणा एकदम देऊ नये. पिल्लं आल्या दिवशी खाद्य देऊच नये, दुसऱ्या दिवशी उजाडताना पहिला घास.

खरेदीतला धोका सुट्या पाकिटांचा. मोठं मूळ पाकीट फोडून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किलो-किलो विकलं जातं. त्यावर बॅच नंबर नाही, तारीख नाही, आयातीचा तपशील नाही. आत तेच खाद्य आहे की दुसरंच, आणि ते किती महिने उघडं होतं, कळायला मार्ग नाही. तीन-चार नर्सरीवाल्यांनी मिळून एक मूळ पाकीट घ्यावं, एकत्र बसून फोडावं, जाड फॉइलच्या पिशव्यांत सील करून वाटून घ्यावं.

देशी दाणा

इथे नीट बघायला हवं, कारण एकाच दुकानात चार प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि विक्रेता चारही ‘माशांचं खाद्य’ म्हणून देतो.

कोळंबीचं खाद्य: प्रथिनं 35 ते 40 टक्के, चरबी 5-6 टक्के, पिष्ट भरपूर, आणि मुद्दाम तळाला बसेल असं बनवलेलं, कारण कोळंबी तळावर खाते. जिताड्यासाठी चारही गोष्टी उलट. त्याचा चुरा करून टाकला तर वर तेलकट तवंग, खाली गाळ, आणि मधल्या थरात वाट बघणारी उपाशी पिल्लं. नको.

रोहू-कटल्याचं तरंगतं खाद्य, 28-30 टक्के प्रथिनांचं: तेही नको. पिल्लं खातील, पोटं भरलेली दिसतील, वाढ होणार नाही आणि आठवड्याभरात लहान-मोठी फाटाफूट होईल.

मांसाहारी माशांसाठी म्हणून विकला जाणारा तरंगता दाणा, मरळीसाठीचाही, बहुधा 40 ते 45 टक्के प्रथिनांचा असतो. पिल्लू दोन ग्रॅमच्या पुढे, म्हणजे पाच सेंटीमीटरच्या आसपास गेलं की हा दाणा उत्तम चालतो आणि तिथून महाग आयात दाण्यावर राहण्याचं कारण उरत नाही. अडचण लहान मापाची आहे. 1.2 ते 1.8 मिलिमीटरचा चांगला देशी दाणा मिळतो, पण त्याखालचं ‘क्रम्बल’ म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा मोठा दाणा भरडून केलेलं असतं. भरडल्यावर वरचं तेलाचं आवरण तुटतं, प्रत्येक कणात घटक सारखे राहत नाहीत, आणि भुगा फार. चाळून वापरलं तर चालवून घेता येतं, न चाळता अजिबात नाही.

सागरी माशांसाठी मुद्दाम केलेला देशी दाणाही आता मिळतो. तो घेताना लेबलवरच्या प्रथिनांच्या आकड्यावर थांबू नये. तो आकडा नायट्रोजन मोजून काढलेला असतो. प्रथिनं माशाच्या कुटाची आहेत, सोयाबीनची आहेत की कोंबडीच्या पिसांची, ते आकडा सांगत नाही. घटकांच्या यादीत माशाचा कूट पहिला आणि माशाचं तेल ठळक असेल तर घ्यावा.

नवीन खाद्य टाकीत टाकण्याआधी घरच्या घरी तीन परीक्षा घेता येतात. पहिली चाळणीची: 100 ग्रॅम दाणा ठरलेल्या मापाच्या चाळणीतून गाळावा. खाली भुगा 2-3 ग्रॅमपेक्षा जास्त निघाला तर दर लावताना तेवढी नासाडी धरा, 8-10 ग्रॅम निघाला तर परत करा. चाळणी मागताना नंबर न सांगता मायक्रॉन सांगावेत, कारण 500 मायक्रॉनची चाळणी अमेरिकी मानकात 35 नंबरची आणि ब्रिटिश मानकात 30 नंबरची. दुकानदार कोणतीही देऊ शकतो.

दुसरी पेल्याची: काचेच्या उंच पेल्यात आपल्याच खाडीचं पाणी घ्यावं आणि चिमूटभर दाणा सोडावा. नळाचं पाणी चालणार नाही. 30 पीपीटीच्या पाण्यात तरंगणारा दाणा पावसाळ्यात खारेपणा 5 वर आला की झरझर बुडतो, आणि अनेकदा ‘या बॅचचं खाद्य पिल्लं खात नाहीत’ या तक्रारीचं कारण खाद्य नसून पाणी असतं. दाणा काही मिनिटं वर राहून हळू उतरावा, अर्ध्या तासानंतर बोटानं दाबला तर मऊ पण अख्खा असावा, पाणी गढूळ होऊ नये. तिसरी नाकाची: ताज्या सुक्या मासळीचा वास बरोबर, जुन्या रंगासारखा किंवा खवट वास म्हणजे तेल बिघडलेलं. असं खाद्य स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नये. खराब तेलानं क आणि ई जीवनसत्त्वं नष्ट होतात आणि पिल्लांचं यकृत जातं.

जवळा आणि कुटीची मासळी

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा मोह होणारच. ताजा जवळा धुऊन, बारीक वाटून, जाळीतून दाबून दिला तर जिताड्याची पिल्लं त्यावर तुटून पडतात, यात शंका नाही. अडलेल्या पिल्लांना दाण्याकडे वळवायला जवळ्याचा थोडा वाटलेला रस दाण्याला चोळणं ही नामी युक्ती आहे. त्यापलीकडे रोजचं खाद्य म्हणून जवळा किंवा वाटलेली मासळी आम्ही सुचवणार नाही, आणि त्याची कारणं ठोस आहेत.

किलोभर वाढीला ओली मासळी पाच-सहा किलो लागते, दाणा दीड किलोच्या आत. वाटलेल्या मासळीचा निम्मा रस पाण्यात जातो, त्यानं अमोनिया चढतो आणि टाकीचा तळ सडतो. तारलीसारख्या मासळीत ब-1 जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, सतत तीच दिली तर पिल्लं तोल जाऊन गिरक्या घेऊ लागतात. कच्च्या मासळीतून विषाणूही येतो. जिताड्याच्या लहान पिल्लांत मेंदू आणि डोळ्यांवर हल्ला करणारा नोडाव्हायरस काही दिवसांत टाकी रिकामी करू शकतो, आणि मासळी गोठवून तो मरत नाही. शेजारी कोळंबीची तळी असतील तर कच्च्या जवळ्यातून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांच्यापर्यंत पोचू शकतो, हेही लक्षात ठेवावं. शिवाय जिताड्याच्या बीजाचा हंगाम आणि 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी एकाच वेळी येतात. ज्या दिवसांत खाद्य सर्वांत जास्त लागतं, नेमकी त्याच दिवसांत बंदरावर मासळी नसते.

सुका जवळा दळून दाण्यात मिसळणारेही आहेत. मीठ लावलेला असेल तर पिल्लांना जाच, आणि वाळूचे कण हमखास. द्यायचाच तर बिनमिठाचा, धुऊन पुन्हा वाळवलेला, आणि दाण्याच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आत.

दाण्यावर आणणं आणि रोजचं देणं

सवय लावताना पिल्लं भुकेली असतील तेव्हा आधी दाणा, वीस मिनिटांनी आर्टेमिया, हा क्रम. उलटा क्रम ठेवला तर पोट भरलेलं पिल्लू दाण्याकडे बघतही नाही. पहिले दोन दिवस आर्टेमिया पूर्ण मात्रेत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्मा, पाचव्यापासून फक्त संध्याकाळी, सातव्यानंतर बंद. पिल्लाचा रंग बघत राहावा. दाणा खाणारी पिल्लं हळूहळू उजळ होत जातात. काळसर होऊन कडेला, पृष्ठभागाशी एकेकटी लटकणारी पिल्लं खात नाहीयेत, ती वेगळ्या हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) काढून दोन दिवस आर्टेमियावर न्यावीत. तिथेही न खाणारी मागे राहतातच, त्यांच्यावर महाग खाद्य घालवू नये.

दीड ते दोन सेंटीमीटरला 500 ते 800 मायक्रॉन, दिवसाला सहा ते आठ वेळा, एकूण वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास. साडेतीन सेंटीमीटरपर्यंत 0.8 ते 1.2 मिलिमीटर, सहा वेळा, 8 ते 10 टक्के. पाच सेंटीमीटरपर्यंत दीड ते पावणेदोन मिलिमीटर, पाच वेळा, 6 ते 8 टक्के. त्यापुढे 2 ते 2.5 मिलिमीटर, चार वेळा, 5 टक्के. हे आकडे सुरुवातीपुरते. खरा मापदंड हाताशी असतो: मूठभर टाकावं, वर झेप घेणारी पिल्लं निम्मी झाली की थांबावं. पहाटेचा आणि संध्याकाळचा घास मोठा ठेवावा, जिताडा त्याच वेळी जोरात खातो. दुपारच्या उन्हात पाणी 32-33 अंशांवर गेलं आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली आला तर तो घास चुकवावा.

माप बदलताना सर्वांत जास्त नुकसान होतं. टाकीतली मोठी पिल्लं बघून पुढचं माप सुरू केलं जातं आणि खालच्या तिसऱ्या हिश्शाला ते गिळता येत नाही. माप नेहमी लहान पिल्लांवरून ठरवावं आणि जुनं-नवं निम्मं-निम्मं तीन दिवस द्यावं. चार दिवसांतून एकदा प्रतवारी करावीच. त्या दिवशी सकाळचा घास देऊ नये, भरल्या पोटी हाताळलेली पिल्लं ओकतात आणि मरतात. छिद्रांच्या टोपल्या पाण्यातच तरंगत्या ठेवून लहान पिल्लांना आपणहून बाहेर पोहू द्यावं. हाप्यात घनमीटरला 300 ते 500 पिल्लांपेक्षा जास्त गर्दी असेल तर प्रतवारी करूनही फाटाफूट थांबत नाही.

कोबिया आणि सिल्व्हर पॉम्पॅनो हे समुद्री मासे करणाऱ्यांसाठी दोन शब्द. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं कोबियाचं प्रजनन 2010 मध्ये आणि पॉम्पॅनोचं 2011 मध्ये साधलं. हीच आयात खाद्यं दोघांनाही चालतात. पॉम्पॅनो भावंडं फारसा खात नाही, त्यामुळे देशी दाण्यावर लवकर नेता येतो. कोबिया इतका झपाट्यानं वाढतो की दाण्याचं माप दर चार-पाच दिवसांनी बदलावं लागतं, म्हणून लहान मापांचा साठा कमी आणि मोठ्यांचा जास्त घ्यावा.

साठवण

कोकणात जून ते सप्टेंबर उघडं पाकीट आठवडाभरात निकामी होऊ शकतं. मोठं पाकीट आल्या दिवशीच आठवड्याआठवड्याच्या लहान पिशव्या कराव्यात, हवा दाबून काढून सील करावं, प्रत्येकीत सिलिकाची पुडी टाकावी. बारीक दाणा फ्रिजमध्ये, पण काढल्यावर लगेच उघडू नये. बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडावा, नाहीतर आत दव धरतं. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. पत्र्याच्या शेडमधलं दुपारचं तापमान खाद्यातलं तेल बिघडवायला पुरेसं असतं. बुरशीचा हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचं वापरू नये, बुरशीचं विष दिसत नाही आणि उन्हात वाळवून जात नाही.

बोटुकल्या पिंजरेवाल्याला देताना शेवटच्या आठवड्यात वापरलेलं खाद्य किलोभर सोबत द्यावं आणि पिशवीवर कंपनीचं नाव, दाण्याचं माप आणि दिवसातल्या वेळा लिहून द्याव्यात. पिंजऱ्यातले पहिले तीन दिवस तोच दाणा, त्याच वेळांना, प्रवाह मंद असताना द्यायला सांगावं. भरती-ओहोटीच्या ओढीत टाकलेला दाणा पिल्लांनी बघायच्या आत जाळीबाहेर जातो. पिंजऱ्याच्या आतून पाण्याच्या पातळीला अर्धा मीटर रुंद बारीक जाळीचा पट्टा शिवून घेतला तर तरंगता दाणा आतच राहतो.